दोन आडनावांचा माणूस कोणत्या खणात

राज्य नवीन झालं तेव्हा रायपुरात रंगाऱ्यांची चंगळ होती. जिकडेतिकडे पाट्यांवरून जुन्या राज्याचं नाव खरवडून नव्याचं लिहिणं चालू होतं. मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं, आणि ज्या सरकारी ग्रंथालयात मला नोकरी लागली ते एका शाळेच्या मागच्या खोल्यांमध्ये. भिंतींवर फळे तसेच होते. माझ्या टेबलामागच्या फळ्यावर कोणा मास्तरांनी अर्धा सोडलेला भागाकार होता. तो पुसावा असं आमच्यापैकी कोणालाच कितीतरी दिवस वाटलं नाही.

मी डोंगरगढची. वडील रेल्वेत गँगमन, मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नोकरीचा कागद पोस्टानं आला तो मी एकदा वाचला, आणि वडिलांनी लगेच परत पाकिटात घातला; घडीवर फाटेल म्हणाले. मग ते पाकीटच घेऊन क्वार्टरांमधून फिरले आणि वर टाइप केलेलं माझं नाव लोकांना दाखवलं. सरकारनं आपल्यापैकी कोणाचं पूर्ण नाव टाइप करून पाठवावं, असं आमच्याकडे तोवर घडलं नव्हतं. पुढे नावांचंच काम माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला ते कधी कोरडं वाटलं नाही, त्याचं कारण बहुधा हे असावं.

गुढियारीत मालधक्क्याजवळ मी खोली घेतली होती. शेजारी उरला भागातल्या कारखान्यांत पाळ्या करणारे लोक. मी सकाळी निघायचे तेव्हा ते झोपायला घरी येत असायचे, आणि जिन्यात भेटले की "दीदी, किताबें जाग गईं?" असं विचारायचे. पुस्तकांच्या नोकरीला लोक हसतात हे मला ठाऊक होतं, पण त्यांचं हसणं मला आवडायचं.

आमचे साहेब धमतरीकडचे छत्तीसगढी. बोलायला सावकाश, आणि एखादी गोष्ट पटली की फक्त "हव" म्हणायचे. शहरातल्या मराठी समाजाचं एक जुनं वाचनालय बंद पडलं होतं. तिथली सगळी पुस्तकं आणि कार्डांची कपाटं आमच्याकडे देणगी म्हणून आली. साहेबांनी तो ढीग मला दाखवला आणि म्हणाले, "मराठी तुमको आती है. तो ये पहाड भी तुम्हारा."

काम असं होतं. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करायचं, त्यावर लेखकाचं आडनाव आधी लिहायचं, आणि अक्षरांच्या क्रमानं ते लाकडी खणात लावायचं. पुढे ही सगळी कार्डं कंप्यूटरमध्ये जाणार होती. एकदा तिथं गेल्यावर बदल करायला फार खटपट पडेल, म्हणून साहेबांनी सांगितलं होतं की मराठी नावांचे नियम आधी पक्के कर, मग कार्डांना हात लाव.

ऐकायला हे सोपं वाटतं. मी पहिलाच खण उघडला तो 'राव' या नावाचा, आणि त्यात बोट घालायला जागा नव्हती. मधल्या काळात कोणा हिंदी भाषक बाबूनं ही कार्डं लावली असणार. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या नावाच्या शेवटी आदरानं राव लावतात. बाबूनं तो शेवटचा शब्द पाहिला आणि सरळ आडनाव समजला. रेल्वेत आणि भिलाईत राव आडनावाचे तेलुगू लोक भरपूर, त्यामुळे त्याला शंकाही आली नसेल. इंजिन दुरुस्तीवर लिहिणारे तेलुगू राव आणि आपले कीर्तनकार, वैद्य, शाळामास्तर असे सगळे एकाच खणात दाटीवाटीनं बसले होते. आमच्या बरोबरची सिनियर, बिलासपूरची दीदी, ते पाहून म्हणाली, "जनरल डिब्बा है ये तो."

राव वेगळे करणं जमलं. खरी अडचण जोड आडनावांची होती. आपल्याकडे मूळ आडनावाला देशमुख, पाटील, देशपांडे अशी पदवी जोडलेली असते. बायका माहेरचं आणि सासरचं दोन्ही लावतात. दत्तक गेलेला माणूस जन्मघराचं आणि दत्तकघराचं लावतो. मध्ये एक आडवी रेघ. कार्ड रेघेच्या अलीकडच्या नावावर करायचं की पलीकडच्या?

कॉलेजात शिकलेलं मला आठवत होतं, की लेखकाला स्वतःला जे नाव पसंत असेल त्यावर नोंद करावी. मला हा नियम फार आवडला होता. ज्याचं नाव त्याची मर्जी. मी साहेबांना तसं लिहून दिलं, आणि जे लेखक रायपुरातच राहतात त्यांना घरी जाऊन विचारायची परवानगी घेतली.

ते दिवस मजेत गेले. ब्राह्मणपारा, तात्यापारा, पुरानी बस्ती, मी सायकल मारत फिरायचे. दारात उभी राहून विचारायचे, "तुम्हाला कोणत्या नावानं शोधायचं?" हा प्रश्न तोवर त्यांना कोणी विचारलेला नसे. गेटपासून आत घेऊन जाईपर्यंत लोक हसायचे आणि चहा झाला की विचारात पडायचे. शिवणकामावर पुस्तक लिहिलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सांगितलं, "मले दोन्हीकडं ठेव. उन्हाळ्यात माहेरी, बाकीचं वर्ष सासरी." त्यांचा नातू मराठीत कळलं तरी हिंदीतच उत्तर देणारा. तो म्हणाला, "दादी, उन्होंने ऑप्शन नहीं पूछा, आन्सर पूछा है." बाईंनी त्याच्या पाठीत हलका धपाटा घातला, आणि शेवटी सासरचं नाव सांगितलं. मी लिहून घेतल्यावर मात्र त्या फाटकापर्यंत सोबत आल्या आणि म्हणाल्या, "खाली बारीक अक्षरात माहेरचंही येते ना?" येतं, असं मी सांगितलं. जे नाव नोंदीसाठी घेतलं नाही त्याच्या जागी आम्ही एक छोटं कार्ड लावतो. त्यावर 'अमुक नावाखाली पाहा' एवढंच लिहिलेलं असतं. ऐकून त्यांना बरं वाटलं.

सगळ्यांची उत्तरं मिळाली. एकाचंच मिळेना.

ते आमच्याच ग्रंथालयात रोज येणारे एक काका होते. सिंचन खात्यात नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र वाचताना ओळीखाली स्टीलची पट्टी धरायचे. त्यांची तीन लहान पुस्तकं त्या ढिगात होती. नागपुरात कॉलेजात असताना लिहिलेल्या मुलांच्या गोष्टी, मग रायपूरच्या तलावांवरचं एक, आणि निवृत्तीनंतर विहिरींवरचं. पहिल्यावर एक आडनाव, दुसऱ्यावर रेघ देऊन दोन, तिसऱ्यावर फक्त दुसरं. एक माणूस, पण त्याची पुस्तकं तीन जागी गेलेली.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

"मग राहू द्या की," ते म्हणाले. "एवढी वर्षं मीच तीन जागी आहो."

"काका, कोणी तुमचं सगळं लेखन शोधायला आलं तर?"

"कोण येते?"

"आलं तर."

ते हसले. "सोमवारी सांगतो."

सोमवार आले आणि गेले. कधी चष्मा विसरला, कधी पेन्शनच्या रांगेत दुपार गेली. एकदा तर म्हणाले, "आज तलावांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा." मी विचारलं, आणि त्यांनी तासभर कोणत्या तलावात कुठून पाणी येतं ते कागदावर काढून दाखवलं. नावाचा विषय तसाच राहिला. दीदी मला चिडवायची, "तुम्हारे काका आज भी फरार?"

मग एके दिवशी, काका बँकेत गेले असताना, फाटकाशी सायकलरिक्षा थांबली आणि तिच्यातून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. वय ऐंशीच्या पुढचं. नऊवारी, हातात स्टीलचा डबा. रिक्षावाला हात द्यायला गेला तर त्याला म्हणाल्या, "तू रिक्षा धर." शाळेचा एक बाक अजून व्हरांड्यात होता, त्यावर बसल्या आणि मला बोलावलं.

"तूच ना व ती, नावाचं काम करून राहिली?"

"हो, आजी."

"मी त्याची आई." कोणाची हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मलाही ते लगेच कळलं. बोलता बोलता पट्टी धरावी तसं त्या बोट आडवं धरायच्या. ती काकांची सवय इथूनच आलेली दिसत होती.

डबा माझ्या मांडीवर ठेवत त्यांनी विचारलं, "तू त्याले विचारून राहिली का कोणतं नाव ठेवू म्हणून?"

"हो. त्यांचं नाव आहे, म्हणून त्यांनाच विचारलं."

"त्याचं नाव त्याच्यापेक्षा मले जास्त महाग पडलं आहे. ऐक."

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, पदवीच्या नावानं ओळखलं जाणारं. थोरल्या दिराचं म्हणणं, माझा मुलगा दत्तक घे. आजींनी ऐकलं नाही. यवतमाळकडे त्यांच्या माहेरच्या दूरच्या नात्यात पोरं पुष्कळ होती, त्यांतला सात वर्षांचा एक मुलगा घेऊन आल्या. दिरांनी कोर्टात दावा लावला, की हा मुलगा आमच्या घराण्याचा नाही. दावा वर्षानुवर्षं चालला. मुलगा शाळेतून कॉलेजात गेला तरी चालूच होता. शेवटी या जिंकल्या.

"तर त्या दाव्याच्या कागदात," आजी म्हणाल्या, "दिराच्या वकिलानं त्याचं नाव जिथं जिथं लिहिलं तिथं आधी जन्माचं आडनाव, मग रेघ, मग आमचं. काहून? की सगळ्यांले दिसत राहावं, हा बाहेरचा आहे. शाळेच्या मास्तरानं तेच कागद पाहून दाखल्यावर तसंच लिहिलं. मी कोर्टात जिंकली, पण ती रेघ काही निघाली नाही. ती रेघ दिराची आहे, कळलं?"

"कळलं."

"मग रेघेच्या मागचं ठेव. आमच्या घरचं. मी त्याच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आहेत." त्या उठल्या. "मले वाचता येते. मी येऊन पाहीन."

डब्यात अनारसे होते. दीदीनं दोन खाल्ले आणि तिसरा उचलताना म्हणाली, "ये रिश्वत है. अच्छी है."

त्या रात्री मला फारसं वाईट वाटलं नाही, उलट मोकळं वाटलं. उत्तर मिळालं असं मला वाटत होतं. काका आईला नाही म्हणणारे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ते आले ते वर्तमानपत्राकडे न जाता थेट माझ्या टेबलाशी.

"आई आली होती?"

"हो."

"अनारसे?"

"हो."

ते समोरच्या खुर्चीवर बसले. "म्हणजे बात गंभीर आहे." थोडा वेळ त्यांनी पट्टी नुसतीच टेबलावर फिरवली. मग हळू आवाजात सांगायला लागले. बाजूच्या टेबलावर दीदी होती, पण तिनं मान खाली घातली आणि कार्डं मोजत असल्याचं दाखवलं.

"मले इथं आणलं तेव्हा सगळं आठवते. तिकडं आम्ही पाच भाऊ. मी मधला. आणायला ही आई आली तेव्हा ती आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. बाप म्हणाला, जा, तिथं शिकायले मिळेल. नंतर वर्षातून एकदा ती यायची, तीळसंक्रांतीच्या आसपास. पाहुणी म्हणून. मले 'अहो जाहो' करायची, कारण दावा चालू होता. या आईच्या दिराच्या माणसांनी पाहिलं तर म्हणतील, पाहा, अजून तिचंच पोरगं आहे. आपल्या पोराले अहो जाहो." त्यांनी पट्टी टेबलाच्या कडेला लावली. "दुसरं काही नव्हतं तिचं माझ्याजवळ. ते नावच होतं. म्हणून नागपुरात होतो तेव्हा पहिल्या पुस्तकावर तेच टाकलं. तिले दाखवलं. तिले वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं आहे ते विचारलं आणि त्याच्यावर बोट ठेवलं."

"मग तेच ठेवू या का?" मी विचारलं. "तुमची मर्जी, काका. नियमच तसा आहे."

"आणि या आईनं येऊन माझं कार्ड काढून पाहिलं, की हिनं पायऱ्या चढल्या आणि मी तिकडचं नाव निवडलं, मग?"

"मग मागचं ठेवू."

"आणि मी माह्या हातानं त्या आईचं पुसलं, असं?"

मी समोरचं कोरं कार्ड उलटं करून ठेवलं.

"तुम्ही मर्जी विचारता," काका म्हणाले, "ते चांगलं वाटते ऐकायले. पण मले विचारू नका. तुम्ही नियम करा. दोन आडनावं असली की अमुक घ्यायचं, बस. मग ते पुढचं असो की मागचं. नियमानं केलं तर कोणी कोणाचं पुसलं असं होत नाही. मी सत्तरीला आलो, पोरी. आता निवडायले लावू नको."

'मॅडम' सोडून ते पहिल्यांदा मला पोरी म्हणाले. मी हो म्हटलं.

घरी येऊन मी बराच वेळ मालधक्क्यावरचे हमाल पोती उतरवताना पाहत बसले. पोत्यांवर पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि घेणाऱ्याचं असतं, पण पोत्याला कोणी मर्जी विचारत नाही. मी ज्याला आदर समजत होते ते एखाद्याला ओझं होऊ शकतं हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या शिक्षकांचा यात दोष नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनी जिवापाड शिकवलं, आणि ते पुस्तकातलंच शिकवू शकत होते.

आता एकच नियम करायचा, तर कोणता? मला काकांसाठी पुढचं, म्हणजे रेघेच्या अलीकडचं, जन्माचं नाव घ्यावंसं वाटत होतं, हे मी स्वतःशी मान्य केलं. म्हणूनच त्यांना बाजूला ठेवून मी बाकीची सगळी जोड आडनावं घेऊन बसले. दोन आठवडे कार्डं दोन्ही पद्धतींनी लावून पाहिली. मागचं नाव घेतलं की नुसत्या पदव्यांचे खण फुगत होते. यवतमाळचे, अकोल्याचे, रायपूरचे, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे लोक एका पदवीखाली ढिगानं पडत होते. म्हणजे पुन्हा तोच जनरल डबा. पुढचं नाव घेतलं की प्रत्येक घर आपापल्या जागी सुटं दिसत होतं, आणि शोधणाऱ्याला सापडत होतं. बायकांच्या बाबतीत थोडी अडचण होती, पण 'पाहा' कार्डांनी ती निभत होती.

साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. दीदीचा विरोध होता. "पिछला शब्द ही सरनेम होता है. सब जगह यही चलता है. मराठी वालों के लिए अलग काहे?"

मी दोन्ही पद्धतींनी लावलेले दोन खण टेबलावर ठेवले आणि दीदीला एक नाव शोधायला दिलं. मागच्या नावाच्या खणात तिला वेळ लागला. दुसऱ्या खणात लगेच मिळालं. तिनं परत एक शोधलं, मग आणखी एक, आणि म्हणाली, "ठीक है. मैं कब मना कर रही थी."

साहेबांनी मात्र माझाच जुना कागद पुढे केला. "पर तुमने तो लिखा था, जिसका नाम उसकी मर्जी. अब बदल क्यों रही हो?"

"मर्जी सगळ्यांना सांगता येत नाही, सर," मी हिंदीत म्हणाले.

"इस नियम में किसी का फायदा है?"

"एका माणसाचं मन राखलं जातं. पण तो नसता तरी मी हेच लिहिलं असतं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बिना किसी के फायदे का नियम मैंने आज तक देखा भी नहीं," असं म्हणाले आणि कागदावर सही केली. "हव. लगाओ."

ज्यांना मी घरोघर जाऊन विचारलं होतं त्यांनाही आता कळवणं भाग होतं. शिवणकामाच्या बाईंना सांगितलं तर त्या हसायला लागल्या. "म्हणजे मी माहेरीच. सासूबाई असत्या तर तुह्या हापिसात आल्या असत्या." बाकीच्यांनाही विशेष काही वाटलं नाही. शेवटी एकच घर उरलं. काकांना सांगायची मला घाई नव्हती. आजींना सांगायचं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जायला नको होतं.

तात्यापाऱ्यात एका दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. काकूंना जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी भिलाईत दिली होती, त्यामुळे घरात माय-लेकच. मी गेले तेव्हा आजी जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. काका बाजारात गेले होते.

मी बसले आणि सरळ सांगून टाकलं. खात्याचा नियम झाला आहे. जोड आडनाव असेल तर रेघेच्या पुढचं घ्यायचं.

त्यांचा हात थांबला नाही. एक जुडी संपली, दुसरी घेतली.

"पुढचं म्हणजे तिकडचं."

"हो."

"सगळ्यांलेच?"

"सगळ्यांनाच, आजी."

"थोरल्या दिराचा एक नातू वकील आहे. त्यानं कायद्याचं पुस्तक काढलं आहे. आमचं जुनं मूळ आडनाव आधी आणि पदवी मागून, असं छापते तो. त्यालेही?"

ते पुस्तक माझ्या ढिगात होतं. "त्यांचंही मूळ आडनावावर गेलं. पदवीच्या खणात नाही."

"म्हणजे त्या खणात आमच्या घरचं कोणीच नाही."

"नोंद कोणाचीच नाही. प्रत्येकाचं एक छोटं कार्ड आहे तिथं. अमुक नावाखाली पाहा, एवढंच लिहिलेलं."

"वकिलाचंही तसंच?"

"तसंच. त्याच मापाचं."

त्यांनी मेथीच्या काड्या एका बाजूला लोटल्या. चेहऱ्यावरून मला काही कळेना. "हा नियम कोणी केला?"

"खात्यानं."

"खातं म्हणजे कोण?"

"आम्ही तिघं."

"त्यात मराठी कोण?"

"मी."

"मग मले सांगताना खाली काहून पाहून राहिली?"

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग होता असं मला आजही म्हणता येत नाही. त्या काही बोलणार तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. काका पिशवी घेऊन दारात आले आणि मला पाहून तिथंच थांबले.

आजींचा आवाज एकदम चढला, शेजारी ऐकू जाईल असा. "ऐकलं का रे? तुह्या सरकारनं नियम काढला म्हणे. तुले तिकडच्या नावात टाकलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "नियम आहे?"

"हो, काका. सगळ्यांसाठी."

"मग काय करता येते, आई," ते म्हणाले. पिशवी त्यांनी फार जपून खाली ठेवली, आत अंडी असावीत तशी. आत दुधी भोपळा होता.

"मी कुठं काय म्हणून राहिली? नियम आहे तर आहे. पाय धुऊन ये."

ते मागच्या मोरीत गेले. पाण्याचा आवाज खूप वेळ येत होता. आजी भाजीची परात उचलून उठल्या आणि माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाल्या, "त्या छोट्या कार्डावर त्याचं नाव पूर्ण लिहिजो. दोन्ही."

"दोन्हीच लिहितो आम्ही, आजी."

"लिहिजो म्हटलं."

त्यांनी तीन ताटं घेतली. मी नाही म्हणायच्या आत माझ्या ताटात भाकरी पडली होती. काका आले, तोंड पुसत बसले. त्यांचे डोळे लाल होते, पाण्यानं झाले असतील. पहिला घास घेतला आणि मग थांबून मला विचारलं, "म्हणजे तिन्ही एकाच खणात?"

"एकाच. एकामागे एक."

"गोष्टींचं आधी?"

"गोष्टींचं आधी, मग तलाव, मग विहिरी."

त्यांनी मान हलवली. पुढे अजून काही विचारणार होते, पण आजींनी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"जेवताना पुस्तकं नको," त्या म्हणाल्या.